सामोपचाराचा घटस्फोट : मध्यस्थ कीं सॉलिसिटर?

लग्न जुळवावयास मध्यस्थ लागतो, हें महाराष्ट्रांतील कोणत्याहि घरास सांगावयास नको. स्थळ सुचविणारा, मानपानाचीं बोलणीं करणारा, रुसलेल्या व्याह्यांची समजूत घालणारा हा गृहस्थ याद्यांवर सह्या होईपर्यंत दोन्ही घरांचे उंबरे झिजवीत असतो. परंतु लग्न मोडतांनाहि मध्यस्थ असूं शकतो, आणि तो त्या कामाचें रीतसर शिक्षण घेतलेला असतो, ही गोष्ट अनेकांस नवीन वाटेल. इंग्लंड आणि वेल्स येथें आज हा एक प्रतिष्ठित व्यवसाय आहे. तेथें स्थायिक झालेलीं मराठी कुटुंबें थोडीं नाहींत. त्यांतील एखाद्या मुलीचा किंवा भाच्याचा “आम्ही तंटा न करतां वेगळीं होत आहोंत, मग वकिलाला पैसे कशाला द्यावयाचे?” असा प्रश्न पुण्यामुंबईच्या घरीं येऊन थडकतो, तेव्हां वडील मंडळींपाशीं त्याचें उत्तर नसतें. प्रश्न साधा दिसतो. परंतु त्यांत पुढील वीस-पंचवीस वर्षांचें स्वास्थ्य गुंतलेलें असतें.

सामोपचारानें घटस्फोट ही कल्पनाच इंग्लिश कायद्यास फार काळ मानवत नव्हती. १८५७ च्या कायद्यानें घटस्फोट देण्याचा अधिकार प्रथम दिवाणी न्यायालयाकडे आला. तत्पूर्वीं पुनर्विवाहास मोकळीक देणारा पूर्ण घटस्फोट हवा असेल, तर पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे, आणि तें धनिकांसच परवडे. नव्या कायद्याचीहि अट अशी कीं, एकानें अपराध केलेला असावा, दुसऱ्यानें तो सिद्ध करावा, आणि दोघांनीं आधीं संगनमत केलेलें नसावें. दोघांनीं मिळून बेत केल्याचें उघडकीस आलें तर अर्ज फेटाळला जाई. असें संगनमत हुडकून काढण्यास किंग्ज प्रॉक्टर नांवाचा सरकारी अधिकारी असे. म्हणजे ज्यांच्यांत भांडण नव्हतें त्यांनाहि भांडणाचें सोंग आणावें लागे. १९६९ च्या कायद्यानें संगनमताची ही आडकाठी काढून टाकली. तथापि दोषारोपाची रीत उरलीच होती. २०१८ मध्यें ओवेन्स नांवाच्या एका पत्नीचा अर्ज पतीनें विरोध केल्यामुळें थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊनहि नामंजूर झाला. पतीचें वर्तन कायद्यास पुरेसें ठरलें नाहीं, आणि विभक्तपणाचीं पांच वर्षें भरेपर्यंत थांबणें तिला भाग पडलें.

या प्रकरणानंतर २०२० मध्यें नवा कायदा झाला आणि तो ६ एप्रिल २०२२ पासून अमलांत आला. आतां लग्नास एक वर्ष झालेलें असलें म्हणजे पति, पत्नी, किंवा दोघें मिळून अर्ज करूं शकतात. संसार पुन्हां सांधण्यापलीकडे गेला आहे, एवढें निवेदन पुरतें; दोष कोणाचा हें सांगावें लागत नाहीं. अर्जापासून वीस आठवड्यांनीं सशर्त हुकूम मागतां येतो, आणि तो मिळाल्यावर आणखी सहा आठवड्यांनीं अंतिम हुकूम. हा अर्ज घरबसल्या भरतां येतो. त्यास वकिलाची गरज बहुधा भासत नाहीं.

गैरसमजाचा उगम नेमका येथें आहे. अंतिम हुकूम लग्नाची गांठ सोडवितो. पैशाची गांठ सोडवीत नाहीं. घर, शिल्लक, कर्ज, पेन्शन, पोटगी या सर्वांविषयीं एकमेकांवर असलेले हक्क घटस्फोटानंतरहि जिवंत राहतात. ते मिटविण्याचें काम निराळें आहे, आणि मध्यस्थ कीं सॉलिसिटर हा प्रश्न खरोखर त्या दुसऱ्या गांठीचा आहे.

उदाहरणासाठीं लंडनच्या उपनगरांतील एक दांपत्य कल्पावें. लग्नाला बावीस वर्षें झालीं आहेत. पति सरकारी इस्पितळांत नोकरीस आहे. पत्नीनें मुलें लहान असतां नोकरी सोडली आणि पुढें एका शाळेंत अर्धवेळ काम धरलें. राहतें घर दोघांच्या नांवें आहे. पतीचें पेन्शन भरघोस जमलें आहे, पत्नीचें नाममात्र. मुलगा कॉलेजांत शिकतो, मुलगी तेरा वर्षांची आहे, आणि पुण्यांत एक सदनिका आहे. दोघांच्या मनांत कडवटपणा नाहीं. एका संध्याकाळीं स्वयंपाकघरांतील टेबलाशीं बसून दोघें ठरवितात कीं, घर तिनें घ्यावें, पेन्शन त्यानें ठेवावें, मुलीनें आईजवळ राहावें, आणि पुण्याच्या सदनिकेचें सवडीनें पाहावें. दोघांस वाटतें, काम संपलें. वस्तुतः कामाला येथून आरंभ होतो.

हें दांपत्य मध्यस्थाकडे गेलें तर काय होईल? मध्यस्थ म्हणजे पंच नव्हे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. पंच निवाडा देतो. मध्यस्थ निवाडा देत नाहीं. दिलजमाई करून संसार पुन्हां उभा करणें हेंहि त्याचें काम नव्हे. वेगळें व्हावयाचें ठरलें आहे. तें कसें व्हावें, एवढ्यापुरतीच त्याची मदत. आरंभीं तो प्रत्येकाशीं स्वतंत्र बोलतो आणि या जोडप्यास मध्यस्थी मानवेल कीं नाहीं, कोणी कोणाच्या धाकांत तर नाहीं ना, हें पाहतो. त्यानंतर साधारणतः तीन ते पांच बैठका होतात. प्रत्येक बैठक तास-दीड तास चालते. उत्पन्न, शिल्लक, कर्ज, घराची किंमत, पेन्शनचें मूल्य यांचे कागद दोघांनीं मांडावयाचे असतात. मध्यस्थ सर्व आंकडे एका जागीं आणतो, पर्याय लिहून काढतो, आणि प्रत्येक पर्यायांत दोघांचा महिन्याचा खर्च कसा भागेल हें त्यांनाच पडताळावयास लावतो. समोरासमोर बसणें जड जात असेल तर दोघांस दोन खोल्यांत बसवून स्वतः येरझारा घालतो. तडजोडीसाठीं बैठकींत जें बोललें जातें तें सामान्यतः पुढें कोर्टांत पुरावा म्हणून वापरतां येत नाहीं. त्यामुळें माणसें मोकळेपणानें बोलतात. मांडलेले आर्थिक आंकडे मात्र या संरक्षणाच्या बाहेर राहतात, कारण पुढील सर्व काम त्यांवरच उभारावयाचें असतें.

या मार्गाचे लाभ उघड आहेत. दोन वकिलांच्या दोन बिलांऐवजीं एकाच माणसाची फी दोघांत वांटली जाते. पत्रोपत्रीचे महिने वांचतात. सर्वांत मोठा लाभ हा कीं, निर्णय दोघांचा स्वतःचा राहतो. आणि स्वतः घेतलेला निर्णय लादलेल्या निर्णयापेक्षां अधिक पाळला जातो. पदरीं मुलें असणाऱ्यांस याचें मोल विशेष, कारण त्यांचा परस्परसंबंध घटस्फोटानें संपत नाहीं. शाळेचीं संमेलनें, आजारपणें, पुढें मुलांचीं लग्नें या सर्व प्रसंगीं त्यांना एकाच खोलींत उभें राहावयाचें असतें. दहा वर्षांवरील मुलाची इच्छा असेल, आणि आईबाप संमत असतील, तर विशेष शिक्षण घेतलेला मध्यस्थ मुलाशींहि स्वतंत्र बोलतो आणि त्याच्या परवानगीनें त्याचें म्हणणें आईबापांपर्यंत पोहोंचवितो. निर्णयाचें ओझें मात्र मुलावर टाकलें जात नाहीं.

परंतु मध्यस्थ दोघांचा असल्यामुळेंच एकाचाहि नसतो. कायदा काय म्हणतो ही माहिती तो दोघांस देतो. “बाई, हा सौदा तुमच्या तोट्याचा आहे” असें मात्र तो म्हणूं शकत नाहीं. तसें म्हणतांक्षणीं तो मध्यस्थ राहत नाहीं. शिवाय बैठकांच्या अखेरीस तो जें टिपण तयार करून देतो, तें बंधनकारक नसतें. तें दोघांच्या मनोदयाची नोंद असते. तो करार नव्हे, हुकूमनामा तर नव्हेच नव्हे.

सॉलिसिटर नेमका याच्या उलट असतो. तो एकाचाच असतो, आणि आपल्या अशिलाचें हित पाहणें हाच त्याचा धर्म. हितसंबंध एकमेकांच्या आड येतात तेथें एकाच सॉलिसिटरनें दोघांचें काम घेऊं नये, असा त्यांच्या व्यवसायाचा नियम आहे. म्हणून पति एकाकडे जातो, पत्नी दुसऱ्याकडे. मेहनताना बहुधा तासावर मोजला जातो. प्रत्येक पत्र आणि प्रत्येक टेलिफोन त्या हिशेबांत येतो, आणि पडद्यांच्या रंगावरून लिहिलेल्या पत्राचे पैसेहि घराच्या किंमतीवरून लिहिलेल्या पत्राइतकेच पडतात. वकील मध्यें आला कीं गोडी गेली, ही भीति सर्वस्वीं खोटी नाहीं. पण ती सर्वस्वीं खरीहि नाहीं. कौटुंबिक खटले सलोख्यानें चालवावेत या हेतूनें १९८२ मध्यें तेथील सॉलिसिटरांनीं एक संस्था काढली. आज ती रेझोल्यूशन या नांवानें ओळखली जाते, आणि तिच्या सभासदांस भडक भाषा टाळण्याची आचारसंहिता पाळावी लागते. सॉलिसिटर निवडतांना तो या संस्थेचा सभासद आहे काय, हें पाहणें शहाणपणाचें.

आतां त्या स्वयंपाकघरांतील ठरावाकडे पुन्हां पाहावें. घर तिला आणि पेन्शन त्याला, ही वांटणी कानाला समसमान लागते. घराची किंमत आणि पेन्शनचें कागदावरील मूल्य हे दोन्ही आंकडे सारखे आले, तर ती न्याय्यहि वाटते. परंतु घर ही आजची वस्तु आहे, आणि पेन्शन हें आयुष्याच्या अखेरपर्यंत दरमहा मिळणाऱ्या उत्पन्नाचें वचन आहे. या दोहोंचे आंकडे एका तराजूंत घालणें हें तज्ज्ञ हिशेबनीसाचें काम आहे. पत्नी आज पन्नाशीची असेल, तर सत्तराव्या वर्षीं तिच्यापाशीं छप्पर असेल आणि खावयास नसेल, असा प्रसंग येऊं शकतो. कायदा तिला इतकें दुबळें मानीत नाहीं. १९७३ च्या कायद्याप्रमाणें अज्ञान मुलांच्या हितास अग्रस्थान देऊन दोघांच्या गरजा, साधनें, वय, संसाराचीं वर्षें आणि घरासाठीं झालेले श्रम हीं सर्व न्यायाधीश विचारांत घेतो. मिळवून आणणारा आणि घर चालविणारी यांच्यांत भेदभाव करूं नये, असें २००० मध्यें व्हाइट यांच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायपीठानें स्पष्ट सांगितलें. हें पत्नीस तिच्या बाजूनें कोण सांगणार? मध्यस्थ नव्हे, सॉलिसिटर. आणि तिनें हें आधींच ऐकलें असेल, तर मध्यस्थासमोर बसल्यावर ती उदारहि होऊं शकेल, पण डोळे उघडे ठेवून.

पेन्शनच्या बाबतींत आणखी एक अडचण आहे. डिसेंबर २००० पासून घटस्फोटांत पेन्शनची विभागणी करण्याची सोय आहे. परंतु ती कोर्टाच्या हुकुमानेंच होते. दोघांनीं हसतखेळत कागद लिहून दिला म्हणून पेन्शनची संस्था एक पैहि इकडची तिकडे करीत नाहीं.

यावरून तिसऱ्या पक्षाचें महत्त्व कळून येईल. हा तिसरा पक्ष म्हणजे न्यायालय. मध्यस्थाकडून ठरलें असो वा सॉलिसिटरांकडून, त्याचा मसुदा कायद्याच्या भाषेंत करून, दोघांच्या आर्थिक स्थितीचा गोषवारा जोडून, तो सशर्त हुकूम मिळाल्यानंतर कोर्टाकडे पाठवावा लागतो. न्यायाधीश तो तपासतो. वाजवी वाटला तर बहुधा कोणास न बोलावतां त्यावर शिक्का उठवितो. यास संमतीचा हुकूमनामा म्हणतात. पुढील सर्व दावे मिटले असें त्यांत स्पष्ट लिहितां येतें, आणि तें लिहिणें हेंच बहुधा सर्वांत मोलाचें वाक्य ठरतें.

तें नसल्यास काय होतें, याचें उदाहरण प्रसिद्ध आहे. वायट आणि व्हिन्स या दोघांनीं १९८१ मध्यें लग्न केलें. दोघेंहि निष्कांचन होतीं. लौकरच तीं विभक्त झालीं आणि १९९२ मध्यें घटस्फोट झाला. पण पैशाचे दावे मिटविणारा कोणताहि हुकूम आढळून आला नाहीं. वांटण्यासारखें होतेंच काय? पुढें पतीनें वाऱ्यापासून वीज निर्माण करणारी कंपनी काढली आणि तो कोट्यधीश झाला. २०११ मध्यें पत्नीनें दावा लावला. इतक्या वर्षांनंतरहि तो चालण्यास योग्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें मार्च २०१५ मध्यें दिला, आणि २०१६ मध्यें ३,००,००० पौंडांवर तडजोड झाली. याच्या उलटहि घडतें. पैशाबद्दल कोर्टाकडे मागणी नोंदविण्यापूर्वींच पुनर्विवाह करणारा मनुष्य आपल्या हक्काचा बराचसा भाग कायमचा गमावूं शकतो. दोन्ही प्रसंगीं दोष वैराचा नसतो. निष्काळजी सलोख्याचा असतो.

हुकूमनाम्याचें बळ मात्र खऱ्या आंकड्यांवर अवलंबून असतें. शार्लंड यांच्या प्रकरणांत पतीनें आपल्या कंपनीचे भाग बाजारांत आणण्याची तयारी चालू असतां ती कोर्टापासून लपविली. ऑक्टोबर २०१५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें पत्नीची त्या तडजोडीस दिलेली संमति फसवणुकीनें घेतलेली ठरवून प्रकरण पुन्हां उघडलें. म्हणून मध्यस्थाकडे असो वा सॉलिसिटरकडे, “आमचा एकमेकांवर विश्वास आहे” असें म्हणून कागद दाखविण्याचें टाळणें हा दोघांचाहि तोटा आहे.

मग निवड कशी करावी? दोन प्रश्न पुरेसे आहेत. पहिला प्रश्न : दोघेंहि एकमेकांसमोर निर्भयपणें ‘नाहीं’ म्हणूं शकतात काय? दुसरा प्रश्न : घरांतील पैशाचा व्यवहार दोघांसहि ठाऊक आहे काय, निदान कागद पाहून कळण्यासारखा आहे काय? दोन्ही उत्तरें होकारार्थी असतील तर बोलणीं मध्यस्थाकडेच करावीं. पहिलें उत्तर नकारार्थी असेल, घरांत मारहाण किंवा दहशत असेल, तर मध्यस्थीच्या मोहांत पडूं नये. तेथें आधीं संरक्षण, मग हिशेब. दुसरें उत्तर नकारार्थी असेल, म्हणजे धंदा एकाच्याच मुठींत असेल, इस्टेट ट्रस्टांत किंवा परदेशांत गुंतलेली असेल, तर सॉलिसिटरास आरंभापासूनच बरोबर घ्यावें.

तेथील कायद्याचा कलहि याच दिशेनें आहे. एप्रिल २०१४ पासून मुलांविषयीं किंवा पैशाविषयीं कोर्टांत तंटा नेण्यापूर्वीं मध्यस्थाची एक माहितीपर भेट घेणें आवश्यक झालें. घरगुती अत्याचारासारख्या कारणांस त्यांतून सूट आहे, आणि संमतीच्या हुकूमनाम्यास ही अट नाहीं. २९ एप्रिल २०२४ पासून नियम आणखी कडक झाले. कोर्टाबाहेर मिटविण्याचा प्रयत्न कां केला नाहीं, याचें उत्तर आतां लेखी द्यावें लागतें, आणि सबळ कारणाशिवाय तो टाळणाऱ्यावर दुसऱ्याचा खर्च बसूं शकतो. मधले मार्गहि निघाले आहेत. अमेरिकेंतील मिनेसोटा येथें १९९० मध्यें सुरू झालेल्या पद्धतींत दोन अशील आणि दोन वकील असे चौघें एका टेबलाभोंवतीं बसतात, आणि बोलणीं फिसकटल्यास त्या वकिलांनीं खटल्यांतून बाहेर पडावयाचें असतें. अलीकडे कांहीं सॉलिसिटर, हितविरोध नसल्याची खात्री करून, दोघांस एकत्र सल्लाहि देऊं लागले आहेत.

मराठी कुटुंबांनीं याखेरीज एक गोष्ट लक्षांत ठेवावी. ज्यांचें लग्न भारतांत हिंदु विवाह कायद्याखालीं झालें आहे, त्यांचा परदेशांतील घटस्फोट येथें केव्हां मान्य होतो, याचे निकष भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें १९९१ मध्यें नरसिंह राव खटल्यांत घालून दिले. ज्या कायद्याखालीं लग्न झालें त्या कायद्यांतील कारण तेथें असावें लागतें. दुसऱ्या पक्षाची संमति असेल तर मात्र निराळें. केवळ संसार तुटला, हें कारण हिंदु विवाह कायद्याच्या कलमांत नाहीं. यास्तव इंग्लंडांत एकट्यानें अर्ज करण्यापेक्षां दोघांनीं मिळून केलेला अर्ज भारतांतील पुढील शंका पुष्कळ कमी करतो. तसेंच पुण्याच्या सदनिकेवरील नांव लंडनच्या हुकूमनाम्यानें आपोआप बदलत नाहीं. त्यासाठीं येथील वकिलाचा सल्ला आणि येथील नोंदणी लागते. ‘सवडीनें पाहूं’ म्हणून बाजूस ठेवलेली हीच बाब पुढें गळ्याशीं येते.

तेव्हां त्या दांपत्यानें काय करावें? प्रत्येकानें एकेक तास आपापल्या सॉलिसिटरकडे जाऊन आपले हक्क समजून घ्यावे. मग दोघांनीं मध्यस्थाकडे बसून कागद मांडावे आणि ठरवावें. ठरलेलें पुन्हां सॉलिसिटरांस दाखवून त्याचा मसुदा करवावा आणि कोर्टाचा शिक्का घ्यावा. पैशाचा हुकूम हातीं येईपर्यंत अंतिम हुकूम मागण्याची घाई शक्यतों करूं नये. याप्रमाणें पाहतां मध्यस्थ आणि सॉलिसिटर हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नव्हत. काय करावयाचें तें एकाच्या साह्यानें ठरतें. तें करणें सुरक्षित आहे कीं नाहीं तें दुसरा सांगतो.

इतका सलोखा असतां कागद कशाला, असें तरीहि कोणी म्हणेल. त्यानें लग्नाच्या याद्या आठवाव्या. त्या वेळीं दोन्ही घरांत आनंदीआनंद असतो, कोणाच्या मनांत संशय नसतो. तरी काय ठरलें तें लिहून त्यावर सह्या होतात, आणि त्यांत अविश्वास कोणी मानीत नाहीं. जोडतांना जी रीत पाळली, ती सोडतांनाहि पाळावी, इतकेंच.